हिरव्या टाकीची वाटणी

चाचणीची पितळी पट्टी टाकीतून बाहेर काढली, तर तिच्यावर निकेल चढलंच नव्हतं. कडांना काळपट पापुद्रे आणि मधल्या वाकात पितळ जसंच्या तसं. मी ती धुतली, उजेडात धरली. मग दुसरी पट्टी घेतली, मधोमध वाकवली, तारेला अडकवून टाकीत सोडली आणि शेजारी उभी राहिले. दुसरीही तशीच निघाली.

"दादा, इकडं ये," मी म्हटलं.

"आता काय?" सर्जादादा शेडच्या दारात कागलच्या मामांबरोबर खुर्ची टाकून बसला होता. "टेंपोवाला बोंबलालाय बाहेर. पाणी भर आणि मोकळी हो."

"पाण्यात कायतरी पडलंय."

"पडलं असंल. गाळून घे."

कागलचे मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. आमच्या घरात कुठं खुट्ट वाजलं की हे पहिल्या एसटीनं हजर. त्या दिवशी ते बाँड पेपर घेऊन आले होते. वडिलांच्या शेडवरचा माझा हक्क मी राजीखुशीनं सोडते, असं त्यावर टाईप केलेलं होतं. बदल्यात निकेलची टाकी मला मिळणार होती, आतल्या पाण्यासकट, तिला वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायरसकट, पाण्यात लटकणाऱ्या निकेलच्या तुकड्यांसकट. शिरोलीला मी एक गाळा भाड्यानं घेऊन ठेवला होता. बाहेर टेंपोत रिकामे कॅन रचले होते. ही टाकी गेली तर माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं, कारण दुसरं काही मी मागितलंच नव्हतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातली ही गोष्ट. आता मधे बरीच वर्षं गेली, माझा स्वतःचा कारखाना आहे, चार माणसं मला शालनताई म्हणतात. तरी तो दिवस आठवला की माझं डोकं अजून तापतं, आणि ते थंड व्हावं अशी माझी फारशी इच्छाही नाही.

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती टाकी मी जन्मायच्या आधी भरली होती आणि नंतर कधी रिकामी केली नव्हती. निकेलचं पाणी नीट सांभाळलं तर संपत नाही. जे कमी पडेल ते घालायचं, गाळायचं, ऊब राखायची. रंगानं ते हिरवंगार. सायकलच्या रिमा, मोटारसायकलची हँडलं, नळ, बँडवाल्यांचे कर्णे सगळं त्यातून निघायचं. साखर कारखान्यातले घासून बारीक झालेले शाफ्ट यायचे, त्यांच्यावर जाड निकेल चढवून ते पुन्हा मापाला आणायचे. हँडलांवर पातळ चढवायचं आणि वर क्रोमचा हात द्यायचा. गिऱ्हाईक हँडल उन्हात धरून म्हणायचं, काय क्रोमची चमक आहे! चमक असते खालच्या निकेलची. क्रोम नुसता वर बसून मिरवतो. आमच्या घरातही असे काहीजण होते.

निकेलच्या टाकीचा हाडवैरी हा क्रोमच, आणि त्याची टाकी कायम शेजारी असते. त्याचं पाणी लालभडक. त्यातलं चमचाभर निकेलमध्ये गेलं तरी काम बिघडतं, मगभर गेलं तर टाकी मेली म्हणून समजा. त्यासाठी आप्पांनी दोन टाक्यांच्या मधे फरशीवर पांढऱ्या रंगाची जाड रेघ मारली होती. क्रोमचा मग लाल, निकेलचा निळा. लाल मग रेघेच्या अलीकडे आला की आप्पा समोर कोण आहे ते पाहत नसत.

दहावी झाल्यावर मी त्या टाकीजवळ उभी राहिले ती राहिलेच. निकेलनं माझ्या हातांना खाज लावली. बोटांच्या बेचक्या फुटायच्या, लाल व्हायच्या, उन्हाळ्यात पाणी सुटायचं. मला बघायला आलेली माणसं पोह्यांची बशी घेताना माझ्या तोंडाकडे कमी आणि बोटांकडे जास्त बघायची. मग त्यांचा निरोप यायचा नाही. पुढे पुढे कुणी बघायलाही येईना. मी त्यापायी रडत बसले नाही. मला काम येत होतं आणि ते माझ्याइतकं चांगलं गल्लीत कुणाला येत नव्हतं. आप्पा अंथरुणाला खिळले तेव्हापासून टाकी मीच चालवत होते.

सर्जादादा लेथवाला. शेडच्या पुढच्या भागात त्याचे दोन लेथ होते. टाकीच्या वाफेनं लेथला गंज चढतो म्हणून तो रोज एकदा तरी कुरकुरायचा, आणि त्याचं खोटं नव्हतं. आप्पा गेल्यावर वर्ष व्हायच्या आत त्याला बँकेचं कर्ज काढून मोठं मशीन आणायचं सुचलं. बँकेला जागा एकट्याच्या नावावर हवी होती. त्यावर आमची दोन महिने भांडणं झाली. शेवटी मी म्हटलं, मला टाकी दे, जागा तुझी. तो इतक्या पटकन हो म्हणाला की मला वाटलं, आपण कमी मागितलं की काय.

आईची सहीही लागणार होती, पण तो प्रश्नच नव्हता. आई आणि मी शेडच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. आई कामगारांना चहा करायची आणि निकेलच्या तुकड्यांवर चढवायच्या कापडी पिशव्या तिच्या शिलाई मशीनवर शिवून द्यायची, कारण पिशवी नसली की गाळ पाण्यात उतरतो. सहीचा विषय निघाला तेव्हा मामा म्हणाले होते, "अक्काचं काय? बोट धरून दावलं की तिथं अंगठा." आम्ही तिघंही हसलो होतो.

तर दादा एकदाचा उठून आला. मी त्याच्यापुढे दोन्ही पट्ट्या धरल्या.

"मला काय दावतीस? मला काय कळतंय त्यातलं?"

"निकेल चढंना झालंय. आणि हे खाली बघ."

पांढऱ्या रेघेवरून आमच्या टाकीच्या पायापर्यंत थेंबांची ओळ आली होती. वाळलेले, तांबूस पिवळे थेंब. क्रोमच्या पाण्याचा डाग असाच पडतो.

"काल मी दिवसभर शिरोलीत गाळा झाडत हुते," मी म्हटलं. "शेडमधी कोण हुतं?"

"मी हुतो. अजून कोण असणार?"

"मग क्रोमचं पाणी ह्यात कुणी ओतलं?"

दादानं थेंब पाहिले, पट्ट्या पाहिल्या. मग हसायला लागला. "शालन, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? मला सही पायजे तुझी. टाकी नासवून मला काय घावणार?"

"मी सुखानं गेलेली तुला बघवंना. गिऱ्हाइकं माझ्यामागनं शिरोलीला येणार, हे खुपालंय तुला."

"गिऱ्हाइकं तुझी कधीपासनं झाली? माझ्या बापाची गिऱ्हाइकं ती."

"आणि माझा बाप कोण हुता मग?"

"हळू बोला," मामा धोतर सावरत आले. "टेंपोवाला ऐकालाय."

"ऐकू दे की. मामा, तुम्ही तरी इचारा ह्याला. सगळं ठरल्यावर असलं नीच काम का केलं म्हणून."

"नीच कुणाला म्हणतीस?" दादा आता हसत नव्हता. "मामा, काय झालंय ते मी सांगतो. हिनंच ओतलंय. कालच कशी नेमकी शिरोलीला गेली? आज सकाळी सगळ्यांच्या देखत पट्टी काढायची, गळा काढायचा, टाकी नासली म्हणायचं आणि जागेत वाटा मागायचा. वकील गाठलेला असणार हिनं."

माझ्या हातातल्या पट्ट्या मी त्याच्या तोंडावर फेकल्या. एक त्याच्या कानाला लागली. त्यानं हात उचलला, मामा मधे घुसले आणि त्यांची टोपी खाली पडली.

"मी? मी टाकी नासवीन?" मी दोन्ही हात त्याच्या डोळ्यांपुढे नाचवले. "हे हात बघ. कशापायी झालेत हे असे?"

"हात दावू नगंस मला. तुला लगीन करायचंच नव्हतं. बापाच्या मागं मागं हिंडायचं हुतं. हातांचं निमित्त बरं सापडलं."

पाठीमागे तो हे बोलत असणारच, पण तोंडावर पहिल्यांदाच बोलला. त्या वेळी हाताशी जड काही असतं तर मी ते त्याच्या डोक्यात घातलं असतं, आणि आजही मला त्याबद्दल काही वाटत नाही.

आई चहा घेऊन मागच्या दारातून आली.

"मी ओतलं," ती म्हणाली.

"पोलिसात जाते मी," मी दादाला म्हणत होते. "पंचनामा होऊ दे. कोण खरं, कोण खोटं, दिसू दे गावाला."

"जा की. बापाचं नाव काढ चव्हाट्यावर."

"मी ओतलं म्हणालीया," आई पुन्हा म्हणाली.

"अक्का, च्या ठेव तिथं," मामा म्हणाले. "आणि तू ह्यात बोलू नगंस. आधीच दोघं पेटल्यात."

"तुझं नंतर बघू, आई," मीसुद्धा म्हटलं. ती नेहमीसारखं काहीतरी मिटवामिटवीचं बोलत असणार, असं मी धरून चालले होते. शब्द कानावर पडले होते, पण ते ऐकायचे असतात हे आम्हा तिघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आईनं चहाचा ट्रे फरशीवर ठेवला. क्रोमच्या टाकीकडे गेली. खिळ्यावरचा लाल मग काढला, टाकीत बुडवला आणि भरून घेतला. मग पाणी सांडू नये म्हणून खाली हात धरून, देवाला तीर्थ न्यावं तशी सावकाश, पांढरी रेघ ओलांडून आमच्या टाकीजवळ आली.

"आई!" दादा आणि मी एकदमच ओरडलो. त्या दिवशी आमचं एकमत झालं ते एवढंच.

"काल बी आसंच ओतलं," ती म्हणाली, आणि हातातला मग उपडा केला. लाल पाणी हिरव्यात गेलं, जरा वेळ वेगळं दिसलं, मग दिसेनासं झालं.

मी तिच्या हातातून मग हिसकावून घेतला. उशीर झालेला होताच. क्रोम चमचाभर असता तर औषध घालून, गाळून, आठपंधरा दिवस खपून पाणी सावरता आलं असतं. दोन मग म्हणजे त्या पाण्याचा कारभार आटोपला होता.

"आई, तुला कळतंय का काय केलंस ते?"

"कळतंय की."

"चुकून झालं असंल," मामा म्हणाले. "बाईमाणूस. तिला काय म्हाईत कुठलं पाणी कुठलं."

"मला म्हाईत न्हाई?" आई मामांकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मामा एक पाऊल मागे सरकले. "मी नवी हुते तवा एकदा हीच रेघ ओलांडली. हात धुवायला ह्यो लाल मग अलीकडं आणला. पाण्यात थेंब बी पडला नव्हता. ह्यांनी चार गडीमाणसांदेखत माझ्या मुस्काडात दिली. वरनं सांगितलं, ह्या मगात किती ताकद हाय ते ध्यानात ठेव. मी ठेवलं."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आप्पा माझ्यासाठी देव होते, आणि देवाबद्दलचं असलं काही मला त्या क्षणी ऐकायचंही नव्हतं.

"आप्पांचा राग माझ्यावर कशाला काढलास मग?" मी म्हटलं. "मी काय केलं तुझं? काल सांजला मला भाकरी वाढलीस. उद्या काय काय न्यायचं ते मी तुला सांगत हुते. तू हूं हूं म्हणत हुतीस. तवा ओतून झालं हुतं न्हवं?"

"झालं हुतं."

"आणि बोलली न्हाईस?"

"तू इचारलंस का कायतरी?"

दादा मधे पडला. "आई, अगं माझं काम अडलंय हिच्या सहीवर. तुला एवढं तर कळतंय? माझं भलं बघायचं सोडून..."

"तुझं भलं तू बघालायस की. ही तिचं बघालीया." आई टाकीच्या कडेला टेकली. "दोन महिने ह्या शेडमधी वाटणी चाललीया. जागा तुला. पाणी हिला. मामानं कागद आणला, त्येला बी वरखर्ची मिळणार. मी रोज च्या घेऊन येते, तुम्ही बोलत असता. एकानं तरी इचारलं का, हौसा, तुला काय पायजे? ह्या तुकड्यांच्या पिशव्या कुणी शिवल्या? शिवून शिवून डोळं गेलं माझं. पिशव्या बी हिला जाणार, टाकीसंगट. मला म्हणे अंगठा उठवायचा."

"अगं तुला काय कमी पडू देणार हाय का आम्ही?" दादा म्हणाला.

"त्येच की. तुम्ही देणार न्हाईतर न देणार." तिनं पदरानं बोटं पुसली. बोटांवर पिवळे डाग पडले होते. "म्हटलं, टाकी नासली म्हणजे तरी इचारतील, कुणी केलं म्हणून. तर आज मी सांगालीया, आणि तरी कुणी ऐकंना."

मला वाटतं, दुसरी कुणी मुलगी असती तर त्या क्षणी विरघळली असती, आईच्या गळ्यात पडली असती. मी विरघळले नाही. माझ्या आयुष्यात एकच वस्तू माझी होती आणि ती तिनं मारली होती. तिच्यावर अन्याय झाला हे मला पटत होतं आणि त्याच वेळी तिचा गळा धरावासा वाटत होता. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे त्या दिवशी मला कळलं.

"तू आई न्हवंस," मी म्हटलं. "वैरीण हाईस."

"आसू दे," ती म्हणाली.

मामांनी टोपी उचलून झटकली, डोक्यावर घातली आणि गाडी रुळावर आणायला घेतली. या माणसाला गाडी रुळावर आणण्याची मोठी हौस. "बरं, झालं ते झालं. पाणीच ते. नवं भरता येतंय. शालन, सर्जेराव तुला पाण्यापायी कायतरी देईल. मी मधी हाय. तू सही करून टाक."

"मी सही करणार न्हाई."

"असं कसं?"

"टाकी देतो म्हणून सही ठरली हुती. टाकी कुठं हाय? ह्यात आता पाय बुडवून बसा तिघं. कायद्यानं जो वाटा हाय तो मला पायजे. तिसरा हिस्सा. जागेतला."

"बघा!" दादा टाळी वाजवून म्हणाला. "मी म्हणालो नव्हतो? शेवटाला आली त्यावरच!"

"तूच आणलंस मला हितं."

"मी? ओतलं हिनं आणि आणलं मी?"

"भांडू नगा," मामा म्हणाले. "अक्का, तू तरी कर बाई सही. तुझा वाटा सर्जेरावला लिहून दे, मग दोन हिस्सं त्याचं झालं, हिच्या एकाचं बघू पुढं काय ते. हे बघ, हितं. बोट धरू का?"

त्यांनी खिशातून शाईचा पॅड काढलाही. आईनं त्या पॅडकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मी बी करत न्हाई."

"आता तुला काय झालं?"

"तिचा तिसरा हिस्सा हाय म्हणं. मग मला बी हाय न्हवं? तूच आता म्हणालास, तुझा वाटा लिहून दे. आसल्याबिगर लिहून कसा देणार?"

मामांनी पॅड पुन्हा खिशात घातला. वाटा सोडून घेण्यापुरता त्यांनी तिला तो असल्याचं सांगितलं होतं. त्याआधी तिला हे कुणी सांगितलं होतं असं मला वाटत नाही.

"ह्यो मधला भाग मला," आई म्हणाली आणि शेडवरून एकदा नजर फिरवली. "पुढं सर्जा. मागं ही. मधी मी. ही टाकी हाय तिथंच ऱ्हाऊ दे, माझ्या भागात येतीया ती."

"तू काय करणार मधल्या भागाचं?" दादा ओरडला. "जागा तोडून माझं मशीन कुठं बसणार?"

"ते तू बघ."

"आई, नासलेली टाकी घेऊन तू काय करणार?" मी विचारलं.

"ते मी बघीन," ती म्हणाली. खाली वाकून तिनं ट्रे उचलला. चहावर साय धरली होती. तो आम्हाला न देता ती मागच्या दारानं निघून गेली.

टेंपोवाला रिकामे कॅन घेऊन परत गेला. जाताना त्यानं येण्याजाण्याचं भाडं दादाकडे मागितलं आणि दादानं त्याला माझ्याकडे पाठवलं.

पुढे वाटणी व्हायची ती झालीच. वकील आले, मोजणी झाली, विटांच्या दोन भिंती उठल्या. दादाचं मोठं मशीन आलं नाही. त्याचे दोन लेथ पुढच्या तुकड्यात कसेबसे बसले. मागचा तुकडा मी एका वेल्डिंगवाल्याला भाड्यानं दिला आणि त्या जोरावर शिरोलीत नवी टाकी भरली. पहिली दोन वर्षं तिनं मला रडवलं, पण भरली. मागच्या खोल्या सोडून मी त्या आठवड्यातच शिरोलीला राहायला गेले होते. आईशी मी बोलत नव्हते, दादाशीही बोलत नव्हते. दादा आणि आई शेजारी राहून एकमेकांशी बोलत नव्हते. मामांना आता आमच्याकडे यायला कारण उरलं नव्हतं.

टाकीचं काय झालं ते मला गल्लीतून कळलं. नासलेल्या पाण्यातलंही निकेल काही मरत नाही, ते परत काढून घेणारे व्यापारी असतात. आईनं कुणालातरी विचारून असा एक व्यापारी बेळगावहून बोलावून घेतला. पाणी, निकेलचे तुकडे, रेक्टिफायर, तांब्याच्या पट्ट्या, सगळं वजनावर घालून विकलं. माझ्याइतकं ते पाणी ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं आणि हे मला सुचलं नाही. मला ती टाकी मेलेलीच दिसत होती. आईला ती कधी जिवंत वाटलीच नव्हती, म्हणून आईला तिचा भाव दिसला.

त्या पैशातून तिनं मधल्या भागात मिरची कांडपाचं यंत्र बसवलं.

उद्यमनगरात, लेथ आणि वेल्डिंगच्या मधोमध, मिरची कांडप. लोक हसले. पण उन्हाळा लागला, चटणीचे दिवस आले आणि राजारामपुरीपासून बायका पिशव्या घेऊन यायला लागल्या. मिरचीची भुकटी भिंतीवरून दादाच्या लेथवर जायची. तो तोंडाला फडका बांधून शिंकत काम करायचा. वेल्डिंगवाल्यानं माझ्याकडे तक्रार केली. मी म्हटलं, भिंत उंच कर.

चार-पाच वर्षांनी एकदा मी तिथं गेले. मला जायची गरज नव्हती, शिरोलीतही कांडप होतं. मी संकेश्वरी मिरची घेतली, भाजलेला मसाला डब्यात भरला आणि गेले. का गेले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. समेट करायला गेले नव्हते, एवढं नक्की. बहुतेक ती थकलेली, पडलेली दिसावी, आणि मी बरी आहे हे तिला दिसावं, यासाठी गेले असेन.

आई दाराजवळ लोखंडी खुर्चीवर बसली होती. तिला खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. घरात ती कायम उभी असायची, नाहीतर मशीनपुढे स्टुलावर. यंत्रावर एक पोरसवदा बाई कामाला होती, आणि तिला आई दोन शब्दांत सांगायची, बारीक कर, पुन्हा घाल, हिंग नंतर. पुढे बायकांची रांग होती. "हौसाबाई, माझं कवा?" "हौसाबाई, मीठ आत्ताच घालू का?" "हौसाबाई, एवढी तिखट हुईल का ओ?" दर मिनिटाला कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं, आणि ती सगळ्यांना उत्तरं देत होती.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिथं सगळ्यांच्याच वाहत होतं. मी रांगेच्या कडेनं थेट पुढे गेले आणि पिशवी तिच्या पायापाशी ठेवली.

"आई, माझं एवढं आधी काढ. मला कारखान्यात जायचंय."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा चेहरा पाहिला, मग हात. बोटं तशीच फुटलेली होती. मला वाटलं, आता बस म्हणेल, नाहीतर जा म्हणेल. दोन्हीची माझी तयारी होती.

"आधी आलेल्या बायका हाईत," ती म्हणाली. "मागं नंबर लाव."

मी पिशवी उचलली आणि मागे जाऊन उभी राहिले.